बाईचं वजन मोजलं, ताकद कुणी मोजायची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या मानेवाड्याकडे कुठल्याही हळदीकुंकवाला जा, ‘माझे हार्मोन बिघडलेत’ म्हणणाऱ्या दोघी-तिघी भेटतातच. कुठले, असं विचारलं की ‘थायरॉईड’ म्हणतात आणि गप्प होतात. मीही त्यातलीच. पाळी लांबत चाललेली, पोट सुटलेलं. एका डाएट सेंटरने भात-पोळी बंद करून सूप-काकडीवर ठेवलं. तीन महिन्यांत सात किलो उतरले. जिना चढताना मांड्या थरथरायच्या. वर्षभरात आठ किलो परत आले.

पुढे भेटलेल्या डॉक्टरीणबाईंनी जे समजावलं, ते तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. जेवणानंतर रक्तात येणारी साखर उचलण्याचं मोठं काम स्नायूंचं. उपाशी राहून वजन उतरवलं की चरबीसोबत स्नायूही झिजतात आणि परत येते ती बहुतेक चरबीच. मग शरीर इन्सुलिनला, म्हणजे रक्तातली साखर पेशींत पोचवणाऱ्या हार्मोनला, दाद देईनासं होतं, म्हणून ते आणखी तयार होतं. पीसीओएस (बीजांडकोशांचा एक हार्मोनी विकार) असलेल्या कितीतरी मुलींत हेच जादा इन्सुलिन बीजांडकोशांना पुरुषी हार्मोन जास्त बनवायला लावतं. चुकणारी पाळी, हनुवटीवरचे केस यामागे पुष्कळदा तेच असतं. पाळी जायच्या वयात इस्ट्रोजेन हे बायकी हार्मोन उतरतं आणि चरबी पोटाकडे सरकते. थायरॉईड तपासावं, लागली तर गोळी घ्यावी. पण सगळं खापर त्या एका ग्रंथीच्या माथी कशाला?

ताटाची गोष्ट तर विचारूच नका. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2020 च्या शिफारशीनुसार 55 किलोच्या बाईला दिवसाला सुमारे 46 ग्रॅम प्रथिनं हवीत. पातळ वरणाच्या वाटीत पाच-सहा ग्रॅम असले तर असले. रविवारी तर्री-पोहे होतात तेव्हा तर्रीतले चणे नवऱ्याच्या आणि पोरांच्या ताटात जातात, आपल्या वाट्याला कोरडे पोहे.

चालायला सगळेच सांगतात. पण आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना जोर लागेल असा व्यायाम हवा, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आता मी खुर्चीवरून हात न टेकता उठबस करते आणि पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलते. (आजीचं जातं परत आणा म्हणणाऱ्यांनी आधी स्वतः तासभर दळून पाहावं.) वजन दोनच किलो उतरलंय, पण गव्हाचा कट्टा आता मीच उचलून आत ठेवते. नणंद मात्र म्हणते, ‘वहिनी, काही फरक नाही दिसत.’

आमच्या वस्तीतल्या बागेत व्यायामाची यंत्रं आहेत. सकाळी सहाला आम्ही डबे भरत असतो, त्यामुळे ती पुरुषांच्याच ताब्यात. मे महिन्यात संध्याकाळी सातच्या आधी बाहेर पाय ठेववत नाही आणि आठला बागेतले दिवे बंद. ते नऊपर्यंत चालू ठेवावेत आणि सात ते नऊ ती यंत्रं बायकांसाठी राखावीत, एवढी विनंती आपल्या पत्रातून संबंधितांपर्यंत पोहोचवावी.

आपली,
एक वाचक, मानेवाडा, नागपूर