कृषी पर्यटनात जुने वाडे कुठे आहेत?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दसऱ्यानंतर मुरबाडला जाताना रस्त्याकडेला एक फलक पाहिला. वर ठळक अक्षरांत ‘कृषी पर्यटन’ आणि खाली रेन डान्स, स्विमिंग पूल, डीजे. फलकामागे पिवळा पडत आलेला भात उभा होता, पण ते शेत शेजाऱ्याचे. फलकवाल्याच्या आवारात हिरवळ आणि सिमेंटचे चार नवे बंगले. तेव्हापासून हे पत्र लिहायचे मनात आहे.

गेल्या वर्षी ऑक्टोबरअखेरीस आम्ही दोघे मुलीबरोबर इटलीत, फ्लॉरेन्सच्या दक्षिणेला चियांतीच्या डोंगराळ भागात, एका जुन्या हवेलीत पाच रात्री राहिलो. मालकाची दगडी हवेली, तिला लागून कुळांची घरे, तेलाचे कोठार आणि भोवती ऑलिव्हची झाडे, द्राक्षांचे मळे. आमची खोली म्हणजे पूर्वीचा बैलांचा गोठा. दगडी गव्हाण जागच्या जागी होती. भिंतीत दावे बांधायची लोखंडी कडी होती आणि तिच्याखालचा दगड दाव्याने घासून गुळगुळीत झाला होता. घरच्या बाई सांगत होत्या, मुलगी मराठीत करून देत होती: शेतकऱ्याचे कुटुंब वरच्या मजल्यावर राहायचे आणि थंडीत जनावरांची ऊब वर चढायची. ह्यांनी त्या कडीवर हात ठेवला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

आमच्या मुरबाडकडच्या वाड्यात गोठ्याला अशीच कडी होती. छप्पर शाकारायला पैसा नव्हता, भाऊबंदांचे एकमत होत नव्हते. शेवटी सागाचे खांब, तुळया, माजघराचा दरवाजा, सगळे जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याला विकले. दोन ट्रक भरले. आता जोत्याचे चिरे तेवढे आहेत. तो व्यवहार आम्हीच केला, दोष दुसऱ्या कुणाला देत नाही. पण त्या वेळी ‘हे घर ठेवा, यावर चार पैसे मिळतील’ असे सांगणारे कुणी नव्हते.

इटलीत आम्ही होतो तेव्हा ऑलिव्हची फळकाढणी चालू होती. झाडाखाली जाळी अंथरायची आणि केस विंचरावेत तशा लहान दाताळ्यांनी फांद्या विंचरायच्या. फळ लगोलग घाण्यावर न्यायचे, कारण ढीग पडून राहिला की तो तापतो आणि तेल बिघडते. संध्याकाळी भाजलेल्या पावावर ते हिरवेगार ताजे तेल दिले. पहिल्याच घासाला घशाशी झणका बसून मला ठसका लागला. बाई हसल्या, म्हणाल्या, नवे तेल असेच असते. मला सासूबाईंनी नव्या भाताचे कांडलेले पोहे आठवले. आमच्यासाठी कुणी वेगळा कार्यक्रम ठेवला नव्हता. त्यांचे काम चालू होते आणि त्यात आम्हाला वावरू दिले, इतकेच.

त्या भागातही अर्धेली होती, निम्मे पीक मालकाला. १९६४ च्या कायद्याने असे नवे करार बंद झाले. त्याच्या आगेमागे माणसे कारखान्यांत गेली, घरे ओस पडली. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाला कसणारा मालक झाला, ते योग्यच झाले. ओस घरे मात्र आपल्याही गावांत आहेत. फरक पडला तो पुढे. इटलीने १९८५ मध्ये पाहुणे ठेवणाऱ्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला आणि २००६ मध्ये तो नव्याने आणला. त्यातल्या दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटतात. शेती हाच मुख्य धंदा हवा, म्हणजे पाहुण्यांमागे लागणाऱ्या श्रमांपेक्षा शेतीतले श्रम जास्त हवेत. आणि पाहुण्यांसाठी शेतावर आधीपासून उभ्या असलेल्या इमारती वापरायच्या. म्हणून तो गोठा टिकला.

आपल्या राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आले. केंद्रांची नोंदणी पर्यटन संचालनालय करते. माझी कळकळीची विनंती आहे की नोंदणी देताना अधिकाऱ्याने शेतावर दोनदा जावे, एकदा आवणीला आणि एकदा कापणीला. चिखलात कोण उतरले आहे ते बांधावरून दिसते. आणि जुने घर दुरुस्त करून त्यात पाहुणे ठेवणाऱ्याला कमी व्याजाचे कर्ज मिळावे, नवा बंगला बांधणाऱ्याच्या आधी.

सासरच्या गावात अजून तीन जुनी घरे उभी आहेत. एकात शेणाने सारवलेली कणगी आहे, तिच्यात अजून भात भरतात. दुसऱ्याची मागची भिंत गेल्या पावसाळ्यात फुगली आहे, आणखी एक पावसाळा ती काढेल असे वाटत नाही. कापणीपर्यंत मी तिथेच आहे. संबंधितांपैकी कुणी यायला तयार असेल तर तिन्ही घरे मी स्वतः दाखवीन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
नौपाडा, ठाणे (पश्चिम)