एकट्या पडलेल्या लेकरांसाठी आपल्या मंडळाचं आवाहन (गावभाग, सांगली)

नमस्कार मंडळी, यंदा गणपतीत डॉल्बी लावायचा नाही आणि तो पैसा युद्धातनं एकट्या पळून आलेल्या निर्वासित मुलांसाठी द्यायचा असं मिटिंगमध्ये ठरलंय. मेसेज मोठा आहे पण पूर्ण वाचा.

सुदानमध्ये एप्रिल 2023 पासून युद्ध पेटलंय. पळताना गर्दीत हात सुटतो, कुणाचा बाप वाटेतच मारला जातो, आणि मग आठ-नऊ वर्षांचं पोर धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन शेजारच्या चाड देशातल्या छावणीत पोचतं. तिथं पहिलं काम म्हणजे त्याला जवळ बसवून नाव, गाव, घरात कोण कोण होतं हे हळूहळू विचारून लिहून घ्यायचं आणि मग बाकीच्या छावण्यांत आई, मामा, आजी कुणी सापडतंय का ते बघत राहायचं. तोवर शक्यतो त्यांच्यातल्याच एखाद्या कुटुंबात ठेवतात. ह्याला माणसं लागतात, महिने जातात, आणि नेमका ह्याच कामाला पैसा कमी पडतो.

काही जण म्हणाले आम्ही एखादं दत्तक घेतो. मनापासून म्हणाले, पण एकटं पोर म्हणजे अनाथ नव्हे, त्याची आई दुसऱ्या छावणीत त्यालाच हुडकत असंल. 2019 च्या महापुरात शाळेतल्या कॅम्पमध्ये एक पोरगी आलेली, बोटीत जागा नव्हती म्हणून आई मागं राहिली, तर ती बिस्किटाचा पुडा तसाच हातात धरून दारात बसली, आई दिसेपर्यंत एक बिस्कीट खाल्लं नाही तिनं.

आपल्याकडं काय कमी गरजू पोरं आहेत का, असंही ग्रुपवर आलं. अहो 1943 मध्ये आपण पारतंत्र्यात होतो, बंगालात माणसं भुकेनं मरत होती, तरी आपल्या मिरज-कोल्हापूर लाईनवरच्या वळिवड्यात पोलंडचे पाचेक हजार निर्वासित राहायला आले आणि 1948 पर्यंत राहिले. जामनगरच्या दिग्विजयसिंहजी महाराजांनी 1942 पासून बालाचडीत सांभाळलेली पोलिश मुलं, त्यात कितीतरी अनाथ, तीपण 1946 ला वळिवड्यातच आली. आज पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात, कोल्हापूरच्या नावानं स्मारक उभं आहे. आपल्या भागानं हे केलेलं आहे, नवीन काही मागत नाही.

आणि इथल्या पोरांचं म्हणाल तर मिरज जंक्शनवर एकटं पोर दिसलं की 1098 ह्या मुलांच्या हेल्पलाईनला फोन लावा, पोलिसांना सांगा. कायद्यानं त्याला 24 तासांत बालकल्याण समितीपुढं न्यावं लागतं. त्याचा फोटो काढून ग्रुपवर फिरवू नका, प्लीज.

जुने कपडे आणू नका, महापुरात त्याचे ढीग कसे कुजले ते आपण बघितलंय. पन्नास, शंभर, जे जमंल ते मंडळाच्या पेटीत टाका, नाहीतर यूएनएचसीआरच्या (संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था) अधिकृत वेबसाईटवर थेट भरा, आम्हाला सांगायचीपण गरज नाही. पेटी रविवारी संध्याकाळी सगळ्यांसमोर उघडायची, पैसे तिथंच मोजून ऑनलाईन भरायचे आणि पावती बोर्डावर लावायची. मोजायला चार जण लागतील, कोण कोण येतंय ते ग्रुपवर कळवा.