मागणी कोणाच्या तोंडून येतेय, ते आधी बघ

प्रिय सई,

तुझा निबंध वाचला. 'जीव ज्याचा, निर्णय त्याचा, बाकीच्यांनी मधे पडू नये' हे वाक्य ठसठशीत आहे, टाळ्या घेईल. पण तेच एक वाक्य तू इच्छामरणालाही लावलंस आणि भ्रूणापासून काढलेल्या स्टेम सेललाही (म्हणजे ज्यांच्यापासून शरीरातल्या तऱ्हतऱ्हेच्या पेशी बनू शकतात त्या मूळ पेशी), तिथे माझं घोडं अडलं. भ्रूणाचा निर्णय कोणाचा गं? तो बोलतच नाही. मरण मागणारा बोलतो, पण तो नेमकं काय मागतोय हे पहिल्या वाक्यात कळेलच असं नाही. इतकी वर्षं नर्स म्हणून काढल्यावर, त्यातली शेवटची असाध्य आजारांच्या वॉर्डात, मी दोन्ही वादांत एकच गोष्ट आधी बघते: मागणी कोणाच्या तोंडून येतेय आणि ती पुरी झाली तर कोणाचं भलं होणार आहे. जीव पवित्र की नाही, यावर तुम्ही मुलं रात्रभर भांडू शकता. खुशाल भांडा.

आधी एक गुंता सोडवून घे, कारण तू सगळंच एका पोतडीत कोंबलं आहेस. बरं होण्याची आशा उरलेली नाही म्हणून व्हेंटिलेटर काढणं, ही एक गोष्ट. डॉक्टरने स्वतः प्राणघातक इंजेक्शन देणं, ही दुसरी. डॉक्टरने औषध लिहून द्यायचं आणि रुग्णाने ते आपल्या हाताने घ्यायचं, ही तिसरी. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये पहिल्या गोष्टीला कडक अटींवर वाट दिली आणि २०१८ मध्ये, शुद्धीत असताना आगाऊ लिहून ठेवलेली इच्छाही मान्य केली. बाकीच्या दोन्ही आपल्याकडे गुन्हाच आहेत. नेदरलँड्स आणि बेल्जियमने २००२ मध्ये दुसरीलाही कायद्यात बसवलं. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये १९९७ पासून दुसरी नाही, तिसरी तेवढी चालते, तीही सहा महिन्यांच्या आत मृत्यू येईल असं दोन डॉक्टरांनी सांगितलं तरच. स्वित्झर्लंडची तऱ्हा आणखी वेगळी. तिथल्या १९४२ पासूनच्या कायद्याप्रमाणे आत्महत्येला मदत करणाऱ्याचा स्वार्थ असेल तरच तो गुन्हा.

आणि मॉर्फिन, म्हणजे तीव्र वेदनेवरचं औषध, देणं हेही मारणंच असं लिहून त्याला या यादीत घालू नकोस, हात जोडते. मात्रा बघत, हळूहळू वाढवत दिलेलं मॉर्फिन माणूस मारत नाही. 'मॉर्फिन म्हणजे शेवट' या समजुतीपायी घरच्यांनी औषध अडवून धरलेलं आणि रुग्ण रात्रभर कण्हत असलेला, असं इतक्यांदा पाहिलंय की तुझ्या निबंधातली ती ओळ वाचून माझा पारा चढला.

आमच्याकडे एक निवृत्त शिक्षक होते. मोटर न्यूरॉनचा आजार. हातपाय गेलेले, जीभ जड झालेली, डोकं मात्र लख्ख. राउंडला डॉक्टर आले की रोज म्हणायचे, 'आता संपवा.' डॉक्टर खांद्यावर हात ठेवून पुढच्या खाटेकडे जायचे. एका रात्रपाळीला मी स्टूल ओढून बसले आणि विचारलं, 'सर, भीती नेमकी कशाची वाटते?' एकेक शब्द जुळवत त्यांनी सांगितलं: रात्री श्वास कोंडेल, बेल दाबायला हात चालणार नाही, आणि सकाळपर्यंत कोणाला कळणारही नाही. धाप कमी व्हायला मॉर्फिनचा लहानसा डोस सुरू झाला, रात्रीसाठी बायपॅप, म्हणजे मास्कमधून श्वासाला मदत करणारं यंत्र, लागलं, आणि वॉर्डबॉयने बेलचं बटण उशीला असं बांधून दिलं की ते गालाने दाबता येईल. पहिल्या रात्री त्यांनी ती बेल निष्कारण अकरा वेळा वाजवली. आम्ही अकराही वेळा गेलो. 'संपवा' हा शब्द त्यानंतर आला नाही.

एवढंच सांगून थांबले तर ती लबाडी होईल. जबड्याच्या कॅन्सरच्या एक बाई होत्या. जखम, दुर्गंधी, वेदना, सगळ्यावर जे जे करता येतं ते केलं आणि त्याचा उपयोगही झाला. वेदना आटोक्यात आल्यावर, शांतपणे, पाटीवर लिहून त्या म्हणाल्या, 'तुम्ही सगळं केलंत. तरी मला नकोय.' शेवटपर्यंत त्यांचं मत बदललं नाही. त्यांना द्यायला माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं, आजही नाही. चांगली शुश्रूषा मिळाली की मरणाची मागणी विरून जाते असं ठासून सांगणाऱ्यांनी या बाईंना भेटायला हवं होतं.

ओरेगनचे दरवर्षीचे अहवाल याच दृष्टीने वाच. तिथे औषध मागणारे कारण काय सांगतात? वेदना वर नाहीतच. स्वतःवरचा ताबा जाणं, आवडीचं काही करता न येणं, प्रतिष्ठा जाणं, ही कारणं सतत वर असतात. घरच्यांवर ओझं होण्याची धास्तीही बऱ्याच जणांना असते. आणि चिठ्ठी मिळालेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोक ते औषध घेतच नाहीत. हाताशी आहे एवढ्यानेच त्यांना बळ येत असावं, असा माझा अंदाज.

ते 'ओझं' मला खुपतं. आपण ओझं आहोत हे कोणाला आपोआप वाटत नाही, कोणीतरी ते वाटायला लावतं. कधी बोलून, कधी बिलाकडे बघून नुसता सुस्कारा टाकून. अमेरिकेत १९९६ मध्ये अपंगांनीच इच्छामरणाच्या कायद्यांविरुद्ध एक संघटना काढली, नाव ठेवलं 'नॉट डेड येट', म्हणजे 'अजून मेलो नाही'. त्यांचं म्हणणं सरळ आहे. धडधाकट माणूस मरायचं म्हणाला तर तुम्ही त्याला समुपदेशकाकडे नेता आणि व्हीलचेअरवरचा म्हणाला तर अर्ज पुढे करता, हा भेद कुठून आला? तुझ्या निबंधात यांना एक ओळही नाही. कॅनडाचंही बघ. २०१६ मध्ये कायदा आला तेव्हा मृत्यू नजीक दिसत असणं आवश्यक होतं, २०२१ मध्ये ती अट निघाली. केवळ मानसिक आजार असलेल्यांचा प्रश्न ढकलत ढकलत आता २०२७ वर नेलाय. ज्याला घर, मदतनीस, औषधं मिळायला रांग लावावी लागते त्याला मरण मात्र चटकन मिळत असेल, तर त्याच्या 'निर्णया'त निर्णय किती उरला?

तरीही माझं मत विचारशील तर, मृत्यू खरोखर दाराशी आलेल्याला, स्वतःच्या हाताने, अशी वाट कायद्यात असावी. त्या बाईंसाठी असावी. मात्र जिथे वेदनाशमनाची सोय नाही तिथे ती आणू नये. अपंगत्व किंवा मानसिक आजार एवढ्यावर तर मुळीच नको. तू म्हणशील आई कुंपणावर बसलीय. बसू दे.

आता तुझ्या भ्रूणाकडे. अमेरिकन शास्त्रज्ञ जेम्स थॉमसन यांनी १९९८ मध्ये मानवी भ्रूणापासून स्टेम सेल वेगळ्या काढून प्रयोगशाळेत वाढवल्या. भ्रूण पाच-सहा दिवसांचा, शंभर-दोनशे पेशींचा, या पूर्णविरामाच्या टिंबात मावेल एवढा. आतल्या पेशी काढल्या की तो संपतो, आणि सगळा वाद तिथेच आहे. हे भ्रूण बहुतेक टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारांतून उरलेले, आईबापांनी संमती दिलेले असतात. नाहीतर ते गोठवलेलेच राहतात किंवा टाकले जातात. ब्रिटनमध्ये वॉर्नॉक समितीने १९८४ मध्ये प्रयोगशाळेत भ्रूण वाढवायला चौदा दिवसांची मर्यादा सुचवली, १९९० मध्ये तो कायदा झाला. त्या सुमारास भ्रूणात शरीराची पहिली रेघ उमटते. तोवर एकाचे दोन होऊन जुळी होऊ शकतात. एक की दोन हेच ठरलेलं नाही, त्याला माणूस म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण दुसऱ्या बाजूची शंका खोटी नाही. मर्यादा आखली तेव्हा प्रयोगशाळेत तिथवर पोचणंच कोणाला जमत नव्हतं. २०१६ मध्ये बारा-तेरा दिवसांपर्यंत मजल गेली आणि २०२१ मध्ये स्टेम सेल शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने चौदा दिवसांपलीकडची सरसकट बंदी आपल्या नियमांतून काढली. आडवी येऊ लागताच सरकवायची रेघ, ही कसली मर्यादा?

जपानी शास्त्रज्ञ यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या साध्या पेशी, भ्रूण न मोडता, स्टेम सेलसारख्या केल्या, २०१२ मध्ये नोबेल मिळालं, आणि 'वाद मिटला' असं लोकांनी जाहीर केलं. थोडा मिटलाही. पण तू ज्या माणसाला पूर्ण विसरलीस ती म्हणजे या संशोधनासाठी अंडपेशी देणारी बाई. हार्मोनची इंजेक्शनं, अंडाशय फुगण्याचा धोका, सगळं तिच्या अंगावर. दक्षिण कोरियाच्या ह्वांग वू-सुक यांचे, क्लोन केलेल्या मानवी भ्रूणापासून स्टेम सेल काढल्याचे २००४ आणि २००५ चे गाजलेले शोधनिबंध बनावट निघालेच, शिवाय अंडपेशी त्यांच्याच हाताखालच्या संशोधक मुलींनीही दिल्या होत्या हे उघड झालं. बॉससमोर दिलेली संमती कितपत संमती असते, हे तुला नोकरी लागली की कळेल.

आणि रुग्ण. रक्ताच्या कॅन्सरमध्ये अस्थिमज्जेतल्या स्टेम सेल कित्येक दशकं जीव वाचवतायत, टाइप १ मधुमेहाच्या चाचण्यांत काहींचं इन्सुलिन सुटलंय. याच नावावर मग दुकानंही निघतात. फ्लोरिडातल्या एका क्लिनिकमध्ये तीन स्त्रियांच्या दोन्ही डोळ्यांत, एकाच दिवशी, त्यांच्याच चरबीतून काढलेल्या पेशी टोचल्या. वयोमानाने मंदावलेली नजर सुधारेल या आशेने त्यांनी पैसे मोजले होते, आणि नजर जवळजवळ गेली. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनने २०१७ मध्ये ते छापलं. इथे तर मागणी खुद्द रुग्णाचीच होती ना? 'जीव ज्याचा, निर्णय त्याचा' इथे लावून बघ.

निबंध बदल असं म्हणत नाही, पण ती अंडपेशी देणारी बाई आणि ते 'नॉट डेड येट'वाले त्यात आण, आणि मॉर्फिनची ओळ आजच्या आज काढ.

तुझी,
आई

ता. क. मी माझं लेखी करून ठेवलंय: बरं होण्यासारखं नसेल तर व्हेंटिलेटर नको, नळ्या नकोत, वेदनेचं औषध मात्र भरपूर. माझ्या वतीने बोलणारी म्हणून तुझं नाव घातलंय. बाबांचं नाही, ते 'अजून एकदा करून बघू' म्हणत बसतील. तुला नको असेल तर आत्ताच सांग, मावशीला विचारते.