आक्का, त्या पानावरच्या हाताबद्दल

आदरणीय आक्का,
सादर नमस्कार.

हे पत्र तुमची नात तुम्हांला वाचून दाखवील. तरीही ते जाहीरपणे लिहिते आहे, कारण जे घडले ते चारचौघांत घडले आणि त्याचे आभारही चारचौघांतच मानायला हवेत.

डिसेंबर २०२२ मध्ये मी थेट जनतेतून सरपंच म्हणून निवडून आले, तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. पद महिलेसाठी राखीव निघाले, म्हणून भावकीतल्या ज्येष्ठांनीच वडिलांची समजूत घालून माझा अर्ज भरायला लावला होता. आणि अंगावरचा गुलाल धुऊन निघण्याआधीच त्याच ज्येष्ठांनी ‘पोरीने सह्या कराव्यात, कारभार आम्ही बघतो’ असे सांगून टाकले. कामासाठी पंचायत समितीत गेले, की त्याच संध्याकाळी घरी माझ्या लग्नाचा विषय निघे. ज्यांनी आम्हांला शाळेत समानतेवर निबंध लिहायला लावले, ती माणसेही सारे पाहत होती आणि गप्प होती. पारावरच्या टवाळीपेक्षा त्यांचे गप्प राहणे मला अधिक लागले, आणि ते अजून विसरता आलेले नाही.

फेब्रुवारीतल्या त्या मासिक सभेत इतिवृत्ताची वही सहीच्या जागी बोट ठेवून माझ्यापुढे सरकवण्यात आली, तेव्हा मी पेनाचे टोपण काढले होते, हे आज कबूल करते. तेवढ्यात शेजारून तुमचा हात आला आणि तळवा नेमका सहीच्या जागेवर टेकला. तुम्ही हळद शिजवण्याचे काम अर्धवट टाकून सभेला आला होता, आणि बोटे पिवळी होती. ‘आधी पोरगी वाचंल, मग सही करंल,’ एवढेच तुम्ही म्हणालात. कोणी घसा खाकरला, कोणी घड्याळाकडे पाहिले, एकाने तर वही ओढूनही पाहिली. पण माझे शेवटची ओळ वाचून होईपर्यंत तुम्ही हात हलवला नाही. सभेत कधीच न आलेले दोन ठराव त्या पानांत निघाले. पुढचे सारे गावाला माहीत आहे.

तुम्ही समोरच्या पॅनेलच्या सदस्य. मला पाडण्यासाठी दारोदार फिरलेल्या तुम्हांला माझी बाजू घेण्याचे काहीच कारण नव्हते, आणि म्हणूनच त्या हाताचे मोल मला एवढे वाटते. आपला-परका न पाहता समोरच्याची फसवणूक होऊ न देणे याला मी सभ्यता म्हणते. ती भाषणांत मी पुष्कळ ऐकली होती, प्रत्यक्ष पाहिली ती त्या दिवशी.

तुम्ही तसे का केलेत, हे मला नंतर तुमच्या ओसरीवर कळले. महिलांना एक तृतीयांश जागा देणारी ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी लागू झाली, आणि त्यानंतरच्या पहिल्याच निवडणुकीत तुम्ही सदस्य झालात. पण पाच वर्षे सभेला मालक जात आणि वही अंगठ्यासाठी घरी येई. ‘कशाकशावर अंगठा दिला, त्ये मला आजवर ठावं न्हाई,’ हे सांगताना तुमचा आवाज जड झाला होता. २०११ पासून आपल्या राज्यात निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत, सरपंचाची सही धनादेशावरही लागते. वही सरकवण्याची रीत मात्र तीच राहिली आहे.

वर्षभर हळदीत राबणाऱ्या त्याच हाताला, मालक गेल्यापासून, हळदी-कुंकवाचे बोलावणे येत नाही, हेही मी त्या ओसरीवरच पाहिले. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. तसाच ठराव मी आपल्या गावात मांडणार आहे. नियमित ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची कायद्यातली तरतूद आपल्याकडे आजवर कागदावरच उरकली जात होती; या वेळी ती खरोखर भरेल आणि ठराव प्रथम तिथेच येईल.

त्या दिवशी तुम्ही माझ्या शेजारी बसावे, अशी विनंती आहे. विरोध होईल, आवाज चढतील आणि ठराव वाचायला मला वेळ लागेल. तेवढा वेळ तुमचा हात पानावर असू द्या.

तुमची,
गावची सरपंच