टचपॅड बदलायच्या आधी लॉग वाचा

संपादक साहेब,

सोलापुरात इंजिनिअरिंगची बरीच पोरं आता लॅपटॉपवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकतात आणि त्यांची एक तक्रार सारखी कानावर येते, की झाकण पाडून ठेवलं, परत उघडलं की स्क्रीन येते पण टचपॅड हलतच नाही, रीस्टार्ट केलं की परत चालू. दुकानात नेलं की सांगतात टचपॅड बदला, नाहीतर फॉरमॅट मारा. पोरगं हॉस्टेलवर राहतंय, घरून पैसे मागवतंय, आणि पार्ट बदलून पण दुखणं जिथल्या तिथं. मी स्वतः ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारं सॉफ्टवेअर, लिहायचं काम करतो, मला हे बघवत नाही म्हणून लिहितोय. रीस्टार्ट केल्यावर जे दर वेळी नीट चालतं ते बहुतेक वेळा मोडलेलं नसतंच, गडबड सॉफ्टवेअरमध्ये असते.

आताच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये टचपॅड आयटूसी बसवर, म्हणजे चिपांनी बोलायच्या सामाईक तारांवर, असतो. फिलिप्सनं 1982 साली काढलेली ही बस, फक्त दोन तारा, एक डेटाची एक क्लॉकची, आणि त्याच दोन तारांवर टचपॅड, सेन्सर, बॅटरीची चिप असे कितीतरी जण. ही बस चालवणाऱ्या कंट्रोलरचा ड्रायव्हर वेगळा, प्रत्येक चिपचा वेगळा. झाकण पाडलं की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आधी ॲप्लिकेशन गोठवतो, मग डिव्हाइस झोपवत जातो, आधी सस्पेंड, मग सस्पेंड लेट, मग नोआयआरक्यू, आणि या शेवटच्या पायरीला इंटरप्ट, म्हणजे चिपा प्रोसेसरला मारतात त्या हाका, बंद झालेले असतात. चिप आधी झोपते, तिचा कंट्रोलर नंतर. म्हणजे क्रम बरोबरच आहे, मग अडतं कुठं?

अडतं इथं, की चिपचा ड्रायव्हर झोपला तरी त्याचं एखादं काम वर्कक्यूमध्ये, म्हणजे नंतर करायच्या कामांच्या रांगेत, पडून असतं, ॲप्लिकेशन गोठली म्हणून साधी वर्कक्यू गोठत नाही, किंवा बोट लागून इंटरप्ट येतो, तो हाताळणारा थ्रेड, म्हणजे कर्नलमधलं वेगळं चालणारं काम, बस वाचायला धावतो आणि तोवर कंट्रोलरचा क्लॉक गेलेला असतो. यंत्रमागावर काम केलेल्या माणसाला हे लगेच कळेल, धोटा ताण्याच्या मधोमध असताना माग थांबला तर काय होतं ते. बाइट अर्धवट राहिला की चिप डेटाची तार खाली ओढून धरते आणि उठल्यावर कंट्रोलरला बस बिझीच दिसते. मग क्लॉकचे 9 पल्स देऊन ती सोडवावी लागते, त्याची सोय कर्नलमध्ये आहे पण सगळेच कंट्रोलर ड्रायव्हर ती वापरत नाहीत.

2019 च्या सुमारास कर्नलमध्ये एक फार चांगली गोष्ट आली, कंट्रोलरचा ड्रायव्हर स्वतःवर झोपल्याची खूण करू शकतो, त्यानंतर कुणी ट्रान्सफर, म्हणजे बसवर देवाणघेवाण, मागितली तर हार्डवेअरला हात न लावता ईशटडाऊन एरर परत जाते आणि लॉगमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदवहीत, ‘ट्रान्सफर व्हाईल सस्पेंडेड’ अशी वॉर्निंग पडते, कुठल्या फंक्शनवरून मागणी आली त्या सगळ्या साखळीसकट. ती एका बसला एकदाच छापली जाते म्हणून लॉग वरपासून वाचावा लागतो. चोर नावानिशी सापडतो आणि तरी लोक काय करतात, तर मध्ये डिले टाकतात, एरर आली की रिट्राय करतात, किंवा कंट्रोलरचं सस्पेंडच काढून टाकतात, मग रात्रभरात बॅटरी उतरते. मला हे अजिबात पटत नाही. चिपच्या सस्पेंडमध्ये पहिल्यांदा इंटरप्ट बंद करा, उरलेलं काम रद्द करा आणि चालू असलेलं संपेपर्यंत थांबा, मगच चिपला झोपवा, उठताना उलट क्रमानं. दुसरंच कुठलं डिव्हाइस त्या बसवर अवलंबून असेल तर डिव्हाइस लिंकनं ते कर्नलला सांगून ठेवा, नाहीतर त्याला कळणार कसं. इंटरप्ट बंद असताना बसवर बोलायची ॲटॉमिक नावाची वेगळी सोय आहे, पण ती मशीन बंद करताना पॉवरच्या चिपला शेवटचा निरोप द्यायला वगैरे, रोजच्या चुका झाकायला नाही.

कॉलेजच्या सरांना आणि मॅडमना माझी कळकळीची विनंती आहे, मिनी प्रोजेक्टमध्ये सेन्सर आयटूसीवर लावला, तापमान स्क्रीनवर आलं की मार्क मिळतात, मशीन झोपवून उठवून कुणी बघतच नाही. सेन्सरचं रीडिंग चालू ठेवा आणि आरटीसीवेक कमांडनं मशीन झोपवा, ठरवलेल्या वेळेला ते आपोआप उठतं, असं पुन्हा पुन्हा करा. पीएम टेस्ट नावाच्या फाइलमध्ये ‘डिव्हाइसेस’ लिहिलं तर खरी झोप न घेता फक्त ड्रायव्हरच्या पायऱ्या तपासता येतात, त्यामुळं मशीन लटकलं तरी दोष कुठं शोधायचा ते कळतं. याला नवीन काही विकत आणावं लागत नाही, लॅबमधला जुना लॅपटॉप चालतो.

आणि दुकानदार मंडळींनी पण गिऱ्हाइकाला पार्टचं बिल सांगायच्या आधी डीमेसेज कमांडनं कर्नलचा लॉग बघावा, पाच मिनिटांचं काम आहे. शहरातल्या कुठल्याही कॉलेजनं शनिवारी दुपारी लॅब उघडी ठेवली तर मी येऊन हे सगळं पोरांना करून दाखवीन, मानधन नको, फक्त ज्यांचे टचपॅड अडकतात त्यांनी आपापले लॅपटॉप आणावेत आणि आधी रीस्टार्ट मारू नये, म्हणजे लॉग जागेवर राहील.

आपला,
एक वाचक, होटगी रोड, सोलापूर