ताप उतरला, पण काळजी उतरत नाही

प्रिय मास्तर,

तब्येत ठीक. बीपी गोळीवर आहे, गुडघा जिना चढताना कुरकुरतो. एवढं पुरे. लिहायचंय ते धाकटीबद्दल, आणि ते तुझ्याशिवाय कुणाला कळेलसं वाटत नाही. इतरांना सांगितलं तर "शिस्तीची पोर आहे, चांगलंच की" म्हणून मोकळे होतात.

गेल्या आठवड्यात तिला सणकून ताप होता. औषध घेऊन झोपली म्हणून आम्हीही आडवे झालो. मध्यरात्रीच्या सुमारास पॅसेजमधून चपलांचा आवाज. बघतो तर ही पोर शाल पांघरून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारतेय, हातात फोन. "बाबा, बाराच्या आत दहा हजार पावलं झाली नाहीत तर सलग दिवसांची स्ट्रीक तुटेल." हाताला धरून झोपवलं. सकाळी फोनवर शून्य दिसलं आणि ती ढसाढसा रडली. नोकरीच्या पहिल्या मुलाखतीत नकार आला तेव्हा हसत घरी आली होती रे ही.

पाणी किती प्यायलं, ध्यान किती मिनिटं, पानं किती वाचली, रात्री कृतज्ञतेच्या तीन ओळी, सगळ्याला टिक लागते. एकेक सवय वेगळी घेतली तर नाव ठेवायला जागा नाही. मला भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. सकाळी ताजंतवानं वाटतंय की नाही, हे ती आता झोप मोजणाऱ्या घड्याळात बघून ठरवते. झोपेला गुण कमी पडले की दिवसभर गळून गेलेली. पूर्वी चित्रं काढत बसायची, तासन्‌तास. ते यादीत नाही, म्हणून बंद.

आता कळलं ना तुलाच का लिहितोय? आपण एका खोलीत राहायचो तेव्हाची तुझी वेळापत्रकं. चार रंगांची शाई, पट्टीनं आखलेले रकाने. गजर पहाटे पाचला तुझा वाजायचा आणि उठायचो मी! एक दिवस उठणं चुकलं की तू अख्खा कागद फाडायचास आणि पुढच्या एक तारखेची वाट बघत बसायचास. तोवर अभ्यास नाही, अंघोळीचाही भरवसा नाही. मी एकदा तुझ्या रकान्यात पेन्सिलीनं "हसणे, दहा मिनिटे" लिहिलं तर तू बोलणं टाकलंस माझ्याशी. तेव्हा माझंच बरोबर होतं, आजही तेच म्हणेन. पण दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेआधीची ती रात्र आठवते ना? तो चेहरा परवा मी घरात पुन्हा पाहिला.

मी थोडं वाचून काढलं. तिच्याशी आकड्यांतच बोलावं लागतं म्हणून. दहा हजार पावलं हा आकडा काही वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. टोकियो ऑलिम्पिकच्या पुढच्या वर्षी, 1965 मध्ये, जपानच्या एका कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं आणि त्याला हा गोल आकडा चिकटवला. 2019 मध्ये अमेरिकेतल्या वयस्कर बायकांवरचा मोठा अभ्यास आला, सरासरी वय 72. त्यात दिवसाला 2,700 च्या आसपास चालणाऱ्यांपेक्षा 4,400 च्या आसपास चालणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि साधारण 7,500 नंतर आणखी फरक दिसला नाही. ही पंचविशीतली आहे, तिचं गणित थोडं वेगळं असेल. पण तापात फेऱ्या मारायला लावणारा आकडा कुठून आला, हे तिला माहीत हवं.

आणि 21 दिवसांत सवय लागते म्हणतात ना? मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जननं 1960 मध्ये लिहून ठेवलं होतं की शस्त्रक्रियेनंतर माणसाला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान 21 दिवस लागतात. लोकांनी त्यातलं "किमान" गाळलं आणि चेहराही गाळला. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांना 84 दिवस पाहिलं. प्रत्येकानं एकच छोटी गोष्ट निवडायची आणि ती रोजच्या ठरलेल्या कामाला जोडायची. ती अंगवळणी पडायला मधल्या माणसाला 66 दिवस लागले. पण कुणाचा हिशेब 18 दिवसांचा, तर कुणाचा, 84 दिवसांपुढचा अंदाज धरून, पार 254 चा. आणि मास्तर, हे दोनदा वाच: एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात म्हणावा असा फरक पडला नाही. फोनवर शून्य येतं, माणसात येत नाही. आपल्या वेळी हे कुणी सांगितलं असतं तर तुझे किती कागद वाचले असते!

मी हे तिला सांगितलं. "हो बाबा" म्हणाली आणि घड्याळ चार्जिंगला लावलं. बापाचं ऐकायचं हे वयच नाही. तुझं ऐकेल. लहानपणापासून तुझ्यावर तिचा जीव आहे, आणि तू यातून गेलायस.

तू कसा सुटलास ते मी पाहिलंय. रात्री जेवण झालं की तू आणि वहिनी बाहेर पडता, इतकी वर्षं. किती चाललात हे तुला कधी विचारलं तर "तुझ्या वहिनीचं बोलणं संपेपर्यंत" म्हणतोस. पावसात राहतं, पाहुणे आले की राहतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा दोघं बाहेर. तिला हे नुसतं पाहू दे. चार दिवस तुमच्याकडे बोलावून घे. उपदेश नको, माझे आकडेही लगेच काढू नकोस, तिनं विषय काढला तर सांग. त्या फाडलेल्या वेळापत्रकांचं मात्र सांग, सगळं, परीक्षेच्या रात्रीसकट. ते मी तिला आजवर सांगितलेलं नाही, तुझं आहे ते.

बदलीचं काय झालं? आईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं हे ऐकून बरं वाटलं. मुलाचा निकाल कळव, मला त्याच्याबद्दल काळजी नाही.

फोन शनिवारी कर, तिला सुट्टी असते. मी लिहिलंय हे सांगितलंस तरी चालेल, तिच्यापासून लपवायचं नाही मला काही. फक्त रात्री दहानंतर करू नकोस, तेव्हा ती ध्यानाला बसलेली असते आणि ते तिला खरंच आवडतं, तेवढं राहू दे.

तुझा,
रूममेट