बाळाची सीट मागेच हवी

महोदय,

गेल्या महिन्यात माझ्या भाचीच्या तीन महिन्यांच्या बाळासाठी आम्ही चाइल्ड सीट घेतली. दुकानदाराने ती आपुलकीने स्वतः गाडीत बसवून दिली, पण चालकाशेजारच्या सीटवर, बाळाची पाठ डॅशबोर्डकडे येईल अशी. आईला गाडी चालवताना बाळ डोळ्यांसमोर राहील, असे त्याचे म्हणणे होते. घरी आल्यावर मी सहज समोरचे सन व्हायझर खाली ओढले, तर कंपनीने लावलेल्या स्टिकरवर नेमके हेच चित्र लाल फुली मारून छापलेले होते. त्यावर सोसायटीचा पार्किंग पास खोचलेला असल्याने दोन वर्षांत ते कोणाच्या नजरेसच पडले नव्हते.

तान्ह्या बाळाचे तोंड मागच्या दिशेला ठेवणे योग्यच आहे, कारण धक्का बसला तर त्याचा भार नाजूक मानेवर न येता सगळ्या पाठीवर विभागला जातो. मात्र हीच सीट पुढे ठेवली की तिची पाठ डॅशबोर्डला जवळजवळ टेकते आणि पापणी लवण्याच्या आत फुगणारी एअरबॅग पूर्ण जोरानिशी बाळाच्या डोक्यामागेच आदळते. पट्टा लावून, अंतर राखून बसलेल्या प्रौढ माणसाला वाचवण्यासाठी केलेली ही सोय लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते. मांडीवर घेतलेल्या मुलाची स्थिती तर याहून वाईट, कारण ते एअरबॅग आणि मोठ्या माणसाचे शरीर यांच्यामध्ये सापडते. डिसेंबर २०२४ मध्ये वाशी येथे झालेल्या अपघातात पुढच्या सीटवरील सहा वर्षांच्या मुलाचा एअरबॅग उघडल्यानंतर मृत्यू झाला, ती बातमी मी अजून विसरू शकलेलो नाही.

१ एप्रिल २०२१ पासून नव्या मॉडेलच्या मोटारींत चालकाशेजारच्या प्रवाशासाठीही एअरबॅग सक्तीची झाली आणि ते योग्यच झाले. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ब नुसार चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल तर एक हजार रुपये दंड आहे, परंतु मुलाने पुढे बसावे की मागे, याविषयी ते कलम काहीच सांगत नाही. निदान बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना मागेच बसवावे, असे नियमांत स्पष्ट यायला हवे. ज्या गाडीला मागची सीटच नाही, तिथे बाळाची सीट पुढे ठेवण्यापूर्वी ती एअरबॅग बंद करणे अनिवार्य असावे. बंद करण्याची सोय नसेल, तर त्या गाडीतून बाळाला नेऊच नये.

आम्ही सीट त्याच संध्याकाळी मागे हलवली. बाळ रडले तर गाडी कडेला उभी करायची, असे भाचीने ठरवले आहे. शोरूममध्ये नव्या गाडीला हार घालून किल्ली हाती देताना विक्रेत्याने ते व्हायझर उघडून स्टिकर मालकाला वाचून दाखवावे, असा आदेश परिवहन विभागाने काढावा, ही माझी विनंती आहे.

– एक वाचक, ठाणे